लेकीच्या टाळूचा वास

रूपालीला दिवस राहिले ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. घर शहाद्याच्या पुढे, तापीकाठच्या काळ्या जमिनीतलं. केळी आणि ऊस. शेती थोरला दीर अमृत बघायचा. रूपालीचा नवरा कुंदन पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला होता आणि गावाहून मोटारसायकलवर जाऊन-येऊन करायचा. अमृतची बायको कोकिळा हिला दोन मुलगे होते. धाकटा पवन वर्ष ओलांडून गेला होता, पण अजून अंगावर प्यायचा.

दोघी जावांचं तोवर चांगलं चाललं होतं. एक भाकरी थापायची, दुसरी भाजायची. कोकिळाला मुलीची फार हौस. ती रूपालीच्या पोटाकडे बघून म्हणायची की ही पोरगीच आहे आणि ती मला द्यायची. रूपाली हसायची. तेव्हा त्यात काही वाटण्यासारखं नव्हतं.

एप्रिल उजाडला तो कोरोनाची दुसरी लाट घेऊन. कुंदनला आधी ताप आला आणि लवकर उतरला. मग रूपालीला आला. नववा महिना भरत आलेला. तपासणीत कोरोना निघाला म्हणून तिला नंदुरबारला नेलं. तिथे पोट चिरून बाळंतपण झालं. मुलगी झाल्याचं तिने ऐकलं आणि हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी दारातून बाहेर जाताना पाहिलं. पुढे तिचा श्वास लागायला लागला, ऑक्सिजन लावावा लागला.

बाळाला संसर्ग नव्हता. पण ते ठेवायचं कुठे? रूपालीच्या माहेरी घरातले सगळे आजारी होते. सासू गजराबाई गुडघ्यांनी अधू. शेवटी कोकिळा अमृतबरोबर नंदुरबारला आली आणि बाळ घेऊन गेली. घरी पोचेपर्यंत बाळ रडून लाल झालं होतं. पावडरचं दूध त्याने तोंडातून बाहेर टाकलं. तेव्हा कोकिळाने कुणाला न विचारता त्याला पदराखाली घेतलं.

हे रूपालीला फोनवर कळलं. तिने कोकिळाचे आभार मानले आणि ते मनापासून होते.

वॉर्डात थोडं बरं वाटायला लागल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. नर्सने हातावर सॅनिटायझर टाकलं, तिने सवयीने हात नाकाशी नेले, तर नुसता गारवा लागला. घरून आलेल्या डब्यात मेथीची भाजी होती, ती ओल्या कागदासारखी लागली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली की तिचंही तसंच झालंय. डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात वास जातो, बहुतेकांचा थोड्या दिवसांत परत येतो. रूपालीने ते मनावर घेतलं नाही. श्वास चालला होता, तेवढं पुष्कळ होतं.

कुंदन रोज फोनवर बाळाचे फोटो पाठवायचा. एका फोटोत कोकिळाने बाळाच्या टाळूत नाक खुपसलं होतं आणि डोळे मिटले होते. रूपाली तो फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली. संध्याकाळी कोकिळाचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "असा गोड वास येस हिले, खाले ठेऊ नई वाटस."

रूपालीने फोन ठेवला. पोटाच्या टाक्यांहून वर, छातीच्या मधोमध काहीतरी चरचरलं. ते नेमकं काय, हे तिला तेव्हा कळलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडाला मास्क लावून बाळाला जवळ घ्यायला हरकत नाही. गजराबाईला ते पटलं नाही. गावात रोज कुणाकुणाच्या बातम्या येत होत्या. तिने रूपालीची खाट मागच्या खोलीत टाकली आणि आणखी काही दिवस बाळ कोकिळाकडेच राहील असं ठरवलं. कोकिळानेही सासूच्याच बाजूने मान हलवली. रूपालीने ती मान हललेली पाहिली आणि लक्षात ठेवली.

मागच्या खोलीच्या खिडकीतून न्हाणीघर दिसायचं. सकाळी कोकिळा बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची. तो धूर खिडकीतून आत यायचा. रूपालीला तो दिसायचा, डोळ्यांना झोंबायचा, पण नाकापर्यंत पोचून तिथेच संपायचा. बाहेर गजराबाई म्हणायची की काय सुंदर वास सुटलाय. आणि मग कोकिळा बाळाचं डोकं हुंगायची, पदरात गुंडाळायची आणि घरात निघून जायची.

बाळ एकदाचं हातात आलं तेव्हा रूपालीचं दूध जवळजवळ आटलं होतं. हळीव झाले, शतावरी झाली. थोडं यायचं, पण बाळ तोंड लावायचं नाही. मान मागे टाकायचं, इकडेतिकडे नाक घासत काहीतरी शोधायचं आणि न सापडल्यावर रडायचं. कोकिळाने घेतलं की क्षणात गप्प. रूपालीने बाळाच्या टाळूवर नाक टेकवून मोठा श्वास घेतला. ऊब लागली, मऊ केस लागले. वास नाही. आपली मुलगी आहे की शेजारणीची, नाकाला काही सांगता येईना.

मुलीचं नाव हेतवी ठेवलं. गावातली आशाताई वजन करायला आली, तेव्हा रूपालीने विचारलं की ही माझ्याकडे का राहत नाही. आशाताईने सहज सांगितलं की एवढ्याशा बाळाला डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त कळतं. ज्या अंगाचा वास ओळखीचा, तिथे ते शांत होतं. थोडा धीर धरा, तुमचाही ओळखीचा होईल.

रूपालीला धीर नव्हता. घरात सगळ्यांना बाळाचा वास येत होता. बाळाला कोकिळाचा वास येत होता. दोन्हीकडून तीच वगळली गेली होती. कोकिळा दूध पाजून उठली की तिच्या चेहऱ्यावर जो थकलेला, समाधानी भाव असायचा, तो रूपालीला बघवत नसे. जाऊ उपकार करते आहे हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त जळत होतं.

एका दुपारी घर आडवं झालेलं असताना ती मोरीवर गेली. धुण्याच्या ढिगात कोकिळाने सकाळी सोडलेली साडी होती, फिकट निळी, सुती, खांद्यापाशी दुधाने कडक झालेली. रूपालीने ती नाकाशी धरली. काहीच नाही. तिने ती खोलीत नेली, नेसली, दार लोटलं आणि रडणाऱ्या हेतवीला उचललं.

हेतवीने नाक घासलं. थांबली. पुन्हा घासलं. मग रूपालीच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपून गेली.

पहिल्यांदाच मुलगी तिच्या अंगावर झोपली होती. रूपाली हललीसुद्धा नाही. तिला इतका आनंद झाला की रडू फुटलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की पोर आपल्या कुशीत नाही, दुसऱ्या बाईच्या कुशीत झोपली आहे, आपण फक्त खाली आधाराला आहोत.

तिने साडी गादीखाली दडवली. पुढेही रोज दुपारी ती नेसायची. कोकिळा घरभर आपली साडी शोधत होती, गजराबाईला विचारत होती. एक दिवस ती काही घ्यायला म्हणून दार ढकलून आत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

रूपालीला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर सासूला हाक मारेल. कोकिळाने तसं काही केलं नाही. ती झोपलेल्या हेतवीकडे बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नेसेल ऱ्हाय." आणि साडी तिच्या अंगावरच राहू देऊन दार ओढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रूपालीच्या खाटेवर कोकिळाची आणखी एक वापरलेली साडी घडी करून ठेवलेली होती.

चोरी पकडली गेली याची लाज रूपाली गिळू शकली असती. ही घडी मात्र तिच्या घशाखाली उतरली नाही. आपली मुलगी आपल्याजवळ यावी म्हणून दुसरीने दिलेला वास अंगावर घालायचा, आणि तोही दान म्हणून. त्याच संध्याकाळी तिने कुंदनला सांगितलं की कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळत असेल तर आपण तिकडे जाऊ. कुंदनने समजावून पाहिलं. सासऱ्यांनी, हिंमतरावांनी, पावसाळा होऊ दे म्हटलं. गजराबाई म्हणाली की लेकरू अजून अंगावर पितंय. रूपाली म्हणाली की माझं लेकरू आहे, मी बघेन.

निघायच्या दिवशी कोकिळा दाराशी आली नाही. रूपाली पाणी प्यायला आत गेली, तर ती चुलीपाशी पाठमोरी बसून पदर तोंडाशी धरून रडत होती. रूपालीने तांब्या ठेवला आणि बाहेर आली. रिक्षात बसताना तिला बरं वाटत होतं, खरंच बरं. घडी केलेली साडी तिने खाटेवरच सोडली होती.

वसाहतीतले पहिले दिवस कठीण गेले. हेतवी रडायची, बाटली ढकलायची. हळूहळू भुकेने बाटली घेऊ लागली. रूपाली तिला सारखी छातीशी धरून असायची, कामालाही पोटाशी बांधून घ्यायची, आपला वास तिच्यात मुरावा म्हणून. आणि तो मुरला. महिनाभरात हेतवी तिच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपू लागली. गजराबाईचा फोन आला की रूपाली हे मुद्दाम सांगायची, म्हणजे ते कोकिळापर्यंत पोचेल.

कारखाना त्या दिवसांत बंद होता, आत यंत्रांची डागडुजी चालू होती. पाऊस पडून गेला की ओला उकाडा दाटायचा. अशा एका दिवशी रूपालीने सकाळी बाटलीत दूध केलं. हेतवीने अर्धं पिऊन सोडलं. रूपालीने बाटली ओट्यावर ठेवली, कपडे धुवायला गेली, शेजारणीशी बोलत उभी राहिली. दुपारी हेतवी उठून रडायला लागली, तेव्हा तिने तीच बाटली उचलली. दूध पांढरं होतं, पातळ होतं, डोळ्यांना काही वेगळं दिसलं नाही. हेतवीने तोंड फिरवलं. रूपालीला वाटलं, जुनाच हट्ट. तिने गालाला धरून पाजलं.

कुंदन जेवायला घरी आला आणि दारातच थबकला. त्याने बाटली नाकाशी नेली. "हाई दूध कव्हयनं शे? तुले वास नई ऊना?"

बोलून गेल्यावर त्याला आठवलं. त्याने ते सकाळचं नासलेलं दूध मोरीत ओतलं. ते रूपालीला बोलण्याहून जास्त लागलं.

दिवस कलेपर्यंत हेतवीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. शहाद्याच्या एका बालरोगतज्ज्ञाकडे तिला ठेवून घेतलं. इवल्याशा हाताला सलाईन लावलं. डोळे खोल गेले होते, रडायलाही आवाज नव्हता. डॉक्टरांनी काय पाजलं ते विचारलं आणि रूपालीने सांगितलं. ते रागावले नाहीत. उन्हाळ्या-पावसाळ्यात असं होतं, म्हणाले. आईचं दूध असतं तर बरं झालं असतं, पोर लवकर उठली असती.

कुंदनने गावाला फोन केला होता. सकाळी कोकिळा अमृतच्या मोटारसायकलवर आली, पवनला सासूकडे टाकून. तिला पाहताच हेतवी ओळखणार, तिच्याकडे तोंड वळवणार, आणि इतक्या दिवसांची आपली सगळी मेहनत सगळ्यांसमोर पाण्यात जाणार, हे रूपालीच्या मनात आधी आलं. मुलगी खाटेवर तशी पडलेली असताना आपल्या मनात हे आलं, याची तिला भीती वाटली.

कोकिळा जवळ आली नाही. खोलीच्या दाराशी चप्पल काढून भिंतीला टेकून उभी राहिली. ती रूपालीच्या तोंडाकडे बघत होती. काय विचारायचं ते दोघींनाही माहीत होतं, पण कोकिळा विचारणार नव्हती. ते रूपालीनेच म्हणायला हवं होतं.

"ताई, घ्या तिले," रूपाली म्हणाली.

कोकिळाने हेतवीला घेतलं, सलाईनची नळी सांभाळत पाठ वळवून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग पोरीच्या घोटांचा आवाज यायला लागला. कुंदन बाहेर निघून गेला. रूपाली खाटेच्या कडेला बसून जावेच्या पाठीकडे बघत होती. कृतज्ञता होती, नाही असं नाही. पण तिच्या खाली तीच जुनी आग होती, आणि आता त्या आगीला नाव द्यायला तिला अडचण नव्हती. ही बाई माझ्या मुलीला वाचवते आहे आणि मला हिचा हेवा वाटतो.

हेतवी पिऊन झोपली. कोकिळाने सवयीने मान खाली घालून तिच्या टाळूवर नाक टेकवलं, आणि मग रूपाली समोर आहे हे लक्षात येऊन चटकन मान वर केली.

"ताई, तिन्हा वास कसा येस?" रूपालीने विचारलं. "माले सांगा."

कोकिळा गोंधळली. असं काही तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने पुन्हा हेतवीचं डोकं हुंगलं, या वेळी शाळेत उत्तर द्यायचं असल्यासारखं, लक्ष देऊन.

"उनमा ठेयेल गहूसारखा," ती म्हणाली. "गयाजोडे जरासा आंबट, दूध झिरपस ना तठे. आनि झोपी गयी का मंग अजून एक वास येस." तिने आणखी एकदा हुंगून पाहिलं. "तो माले सांगता नई येस."

रूपालीने मान हलवली. उन्हात वाळत टाकलेले गहू तिला आठवत होते. दुधाचा आंबूस वास आठवत होता. तो शेवटचा मात्र तिला कुठूनही आणता येईना. खरंच सांगता येत नाही, की कोकिळाला तो स्वतःपाशी ठेवायचा आहे, असाही विचार तिच्या मनात आला. कोकिळाचा चेहरा बघून तो विचार खोटा आहे हे कळत होतं, तरी आला.

हेतवी बरी झाली. कोकिळा काही दिवस वसाहतीत राहिली, मग आपल्या मुलांकडे गेली. या वेळी रूपाली तिला बसस्थानकापर्यंत सोडायला गेली. 

त्यानंतर रूपालीने घरात शिस्त लावली. उरलेलं दूध ठेवायचंच नाही. डाळ, भाजी, पीठ, सगळं कुंदन कामावर जाण्याआधी हुंगून जायचा. गॅसची शेगडी बंद आहे का ते शेजारीण येऊन बघायची. आपल्याच घरात काय नासलं, काय जळलं, हे दुसऱ्यांनी सांगायचं. शेजारीण चहात आलं जास्त पडलंय म्हणायची आणि रूपाली तिच्या नाकाकडे बघत राहायची. एवढं बसकं, साधं नाक, आणि त्याची तिला काही किंमतही नाही.

पुढच्या वर्षी वास परत येऊ लागला, पण वाकडा. फोडणीतल्या कांद्याला जळक्या रबराचा वास यायचा. चहा तोंडाशी नेला की कप तसाच खाली ठेवावा लागायचा. ती वाळत गेली. नंदुरबारच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे सुधारण्याचं लक्षण आहे, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल सकाळ-संध्याकाळ हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा. रूपालीने ते नेमाने केलं. हेतवी आता चालायला लागली होती. तीही आईशेजारी बसून लवंगेची डबी नाकाशी धरायची आणि शिंकायची.

मग गळीत हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी रूपाली अंगणात उभी होती आणि तिला मळीचा वास आला. कारखान्याची ती दाट, आंबट-गोड मळी, जिच्या नावाने सगळी वसाहत नाक मुरडते. ती पुरता विश्वास बसेपर्यंत श्वास घेत राहिली. मग धावत आत गेली आणि हेतवीला उचलून तिच्या डोक्यात नाक खुपसलं.

खोबरेल तेल. शाम्पू. थोडा घाम, थोडी धूळ, कालच्या बिस्किटाची पूड. एका खेळणाऱ्या पोरीचं डोकं. छानच होतं ते. पण तान्ह्या बाळाचा तो वास, ज्यासाठी ती इतके दिवस लवंगा हुंगत होती, तो मुलगी वाढता वाढता कधीच निघून गेला होता. त्याची पुरती ओळख या जगात एका कोकिळालाच होती. हेतवी हसत होती, गुदगुल्या होतात म्हणून. रूपाली तिला तशीच धरून बसून राहिली.

आता हेतवी बालवाडीत जाते. रूपालीचं नाक बरंचसं सुधारलं आहे, फक्त कांदा अजून कधीकधी वाकडा येतो. हेतवी कोकिळाला मोठी आई म्हणते. गेल्या दिवाळीत सगळे गावी जमले होते. हेतवी दिवसभर कोकिळाच्या मागे फिरली, करंज्या भरायला बसली, तिच्याच ताटात जेवली. रूपाली ओट्याशी उभी राहून भांडी जोरात आपटत होती. भांडी झाल्यावर ती खाली येऊन बसली, आणि मग हेतवीला झोप आली. ती डोळे चोळत उठली, कोकिळाला ओलांडून सरळ रूपालीकडे आली आणि तिच्या मांडीत शिरली.

कोकिळा हातातली करंजी दुमडत म्हणाली, "तुन्हं बरं शे. झोप लागनी का तुन्हाकडे येस."

बोलताना ती हसत होती. पण तिचे डोळे हेतवीवरून हलत नव्हते.  रूपाली हेतवीला थोपटत राहिली, आणि मग थोडी सरकून तिने कोकिळाला शेजारी जागा करून दिली. कोकिळा पिठाचे हात पुसून येऊन बसली.

यंदा उन्हाळ्यात रूपालीने हेतवीला आठवडाभर गावी ठेवलं, स्वतःहून. कुंदनला आश्चर्य वाटलं. ती सकाळी एक फोन करायची आणि संध्याकाळी एक, आणि दर वेळी कोकिळाला विचारायची की पोर रडते का, माझी आठवण काढते का.

"नई, मजामा शे," कोकिळा सांगायची.

चांगलं आहे, असं म्हणून रूपाली फोन ठेवायची. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, भूक नसताना, उगाचच काहीतरी शिजवायला घ्यायची.